आरामाच्या पेपरात पहिला

एका जंगलात, मोठे जांभळीचे झाड वीज पडून जळाले त्याच्या पुढच्या वर्षी, वैशाख संपता संपता हे घडले. पोरांनो, नीट बसा. मी एकदाच सांगतो.

बाभळीवर सुगरण पक्ष्यांचे एक कुटुंब होते. बाप गेनू, आई भागा, मुलगा रेवण. जुने घरटे वाऱ्याने नेले. तिघे गंगू कावळिणीच्या घरट्यात पाहुणे म्हणून राहिले. नवे विणायचे काम रेवणचे. तो दिवसभर विणी, संध्याकाळी उसवी.

"का रे?" गेनूने विचारले.

"एक काडी वाकडी आहे."

"वाकडी काडी पावसाला दिसत नाही."

"मला दिसते." रेवण जेवला नाही.

"काय गं भागा," गंगू म्हणाली, "तुमचा इंजिनियर मृगाआधी विणणार की माझी पिल्ले म्हातारी झाल्यावर?"

गेनू म्हणाला, "याला कॉलेजात घालू. कडक हवे. पण पोर मरायला नको."

आधी सुतार पक्ष्याकडे गेले.

"आमची मुले दिवसभर खोडावर डोके आपटतात."

"आणि विश्रांती?"

"खोड बदलतात."

मग म्हशीकडे.

"आमच्याकडे चिखलात बसतात."

"आणि अभ्यास?"

म्हशीने डोळे मिटले.

शेवटी बगळा भेटला. "आमचे समतोल आहे. सकाळी विणकाम. दुपारी आराम. आरामाचा पेपर पन्नास मार्कांचा."

भागाला आनंदाने रडू आले. "हेच!"

रेवण पहाटे उठून लोळण्याचा सराव करू लागला. "आई, जांभई सरळ आली का?" बापाने म्हशीकडे आरामाची शिकवणी लावली. पोर वाळून काटकी झाले.

मृगाच्या दिवशी निकाल लागला. रेवण पहिला. पण एक मार्क कापला होता. बाकीचे किती आराम करतात ते पाहायला त्याने एक डोळा उघडा ठेवला होता.

निकालाचे पान घेऊन तो रडत घरी आला. तेवढ्यात पाऊस कोसळला. कावळ्याच्या घरट्याला छत नसते. पिल्ले भिजली, कुडकुडू लागली.

"मार्काला नंतर रड मेल्या!" गंगू ओरडली. "आधी वर काहीतरी घाल!"

रेवणने हाती लागेल ते विणले. गवत, चिंधी, निकालाचे पान. छत झाले. पिल्ले निजली.

त्याने वर पाहिले. काडी वाकडी होती. पावसाला दिसली नाही.

गंगूचे उपकार फिटले.

तात्पर्य: मुलाला समतोल कॉलेजातच घालावे आणि आरामाची शिकवणी मध्येच सोडू नये. नाहीतर चांगले हुशार पोर शेजाऱ्यांची छपरे शाकारत बसते.