कडूबांच्या कुंडीतली सर्पगंधा

प्रेरणा डेहराडूनला प्रशिक्षणासाठी निघाली तेव्हा तिने वडिलांना दोनच गोष्टी बजावल्या. कुंडीला एक दिवसाआड पाणी घालायचं आणि कुंडीला कुणाला हात लावू द्यायचा नाही. त्यातली पहिली कडूबांना जमण्यासारखी होती.

कुंडी म्हणजे मधोमध कापलेलं निळं पिंप. त्यात सर्पगंधेचं रोप होतं. ही वनस्पती रानातून जवळजवळ संपत आलीय, कारण तिचा सगळा गुण मुळीत, आणि मुळी हवी तर झाडच उपटावं लागतं. प्रेरणाने मूठभर बिया पेरल्या होत्या, त्यातली एक उगवली. तिला तिने लेकरासारखं वाढवलं आणि यंदा रोप पहिल्यांदा फुलावर आलं होतं. त्याचं बी हाती लागलं तर तिची पीएच.डी. पुढे सरकणार होती, नाही लागलं तर पुन्हा पहिल्यापासून. विद्यापीठाच्या बागेत उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण, आणि बजाजनगरला एमआयडीसीचं पाणी, म्हणून रोप घरी आणलेलं.

कडूबा वाळूजच्या एका कंपनीतून स्टोअरकीपर म्हणून रिटायर झाले होते. स्टोअरकीपरचं मुख्य काम नाही म्हणणं. कडूबांनी उभ्या नोकरीत ते केलं नाही. कुणी स्लिप न आणता नटबोल्ट मागायला आला, तर ते नटबोल्ट देत आणि वर विचारत, "वायसर नको का?" त्याबद्दल त्यांना मेमोही मिळाला होता. मेमो द्यायला आलेल्या साहेबाला त्यांनी नवी टॉर्च देऊन पाठवलं.

प्रेरणाची गाडी सुटली त्याच संध्याकाळी कडूबांनी बंदोबस्ताला सुरुवात केली. रोपाचा छान फोटो काढला आणि कॉलनीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं : 'आमच्या प्रेरणाचे दुर्मिळ औषधी झाड. मुळी मौल्यवान आहे. कृपया कुणीही मागू नये.'

तोवर त्या पिंपात काय आहे हे कॉलनीत कुणालाही ठाऊक नव्हतं. ग्रुपचा अ‍ॅडमिन बुद्धभूषण याने लगेच विचारलं, 'कशावर चालते काका?' वडिलांचा अभिमान मध्ये आला. कडूबांनी लिहिलं, 'बीपी. आणि झोप.'

बजाजनगरमध्ये असं लिहू नये. अर्धी कॉलनी तिसऱ्या पाळीला जाते आणि दिवसा झोपायचा प्रयत्न करते. इथं कुणाच्या घरी एक वेळ सोनं सापडेल, पण झोप कुणाकडेच नसते.

सकाळी समोरचा सांडू गेटवर उभा होता. डोळे लाल.

"काका, झोपच नाय हो. तो कचरू सकाळधरनं गिरणी लावतो. डोक्यात दळण चालू राहतं नुसतं."

"सांडू, ती मुळी प्रेरणाची हाय रे. द्यायची नाय म्हणून सांगून गेलीय."

"मंग ऱ्हाऊ द्या," सांडू म्हणाला आणि तिथंच पायरीवर बसून त्याने जांभई दिली. मागितलं असतं तर कदाचित कडूबांनी टाळलं असतं. पण न मागता समोर बसून जांभया देणाऱ्या माणसाला काय करायचं, याची त्यांना कल्पना नव्हती. तिसऱ्या जांभईला ते खुरपं घेऊन आले. बाजूची माती जराशी उकरली, एक बारीक उपमुळी तोडली, माती परत थापली. वरून काही कळत नव्हतं. झाड हिरवंगार. मुळाची ही मोठी सोय असते, की ते दिसत नाही.

सांडू त्या दिवशी झोपला तो असा, की पाळीला गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याची बायको तावातावाने आली.

"काय दिलं वो आमच्या मानसाला? खाडा पडला! सुपरवायझर घरी आला तरी उठंना!"

"वहिनी, मी नको म्हणत होतो."

"तुमी कधी नको म्हणता वो?" तिने बरंच सुनावलं. जाता जाता गेटपाशी थांबली, आवाज खाली आणला. "भाऊजी, एवढी लागू हाय, तर आमच्या सासूसाठी जराशी…"

मग गिरणीवाला कचरू आला. त्याचं बीपी वाढलं होतं, कारण सांडूची बायको आता येता-जाता त्याला शिव्या देत होती. बुद्धभूषण आला, तो म्हणाला, "मला काही नको, काका. पण अ‍ॅडमिन म्हणून लोक मला विचारतात. अनुभव पाहिजे." सगळ्यांना थोडीथोडीच पाहिजे होती. सांडूला दिली आणि कचरूला नाही, हे कडूबांना कोणत्या तोंडाने म्हणता येणार?

कडूबांची बायको मनकर्णाबाई भाजी निवडता निवडता बघत होत्या. "पोरीला काय सांगणार हाये?"

"बाजूबाजूचीच देतोय. मधली सोटमुळी शाबूत हाय."

"कंपनीत बी असंच म्हणायचे. मंग ऑडिट आलं."

एका संध्याकाळी पाणी घालताना कडूबांना पिंपात हळद लावलेले तांदूळ दिसले, मधोमध सुपारी. ते त्यांनी ओळखलं. कोपऱ्यावरच्या आवडाबाई अजिंठ्याकडच्या. त्यांच्याकडे रानातली औषधी अशी ओरबाडून आणत नाहीत. आदल्या सांजेला जाऊन तिला रीतसर आवतण द्यायचं, 'उद्या न्यायला येते, गुणाला ये', आणि दिवस उगवताना जाऊन काढायची. चोरी नाही, आमंत्रण. फक्त ते झाडाला असतं, मालकाला नसतं.

सूर्य उगवायला आवडाबाई हजर. डोक्यावर पदर, हातात काठी.

"आवडाबाई, मला तरी विचारायचं."

"तुला काय इचारायचं, भाऊ? तुझी मुळी हाय का ती? तिला इचारलं. ती नाय म्हणली नाय."

"अहो, पण—"

"आमचा म्हातारा रातभर उठून बसतो. लहानपणचं गाव सांगतो, बैलाला हाका मारतो. मी एकली किती जागू?" त्या थांबल्या. "आवतण देऊन नेली नाय, तर ती रुसती. मंग कुणाच्याच गुणाला येत नाय."

झाड रुसण्यापेक्षा प्रेरणा रुसलेली बरी, असा काहीतरी हिशोब त्या पहाटे कडूबांच्या मनात झाला असावा. त्यांनी खुरपं दिलं.

त्यानंतर रोप वाकलं. कडूबांनी त्याला काठीचा आधार दिला आणि मनकर्णाबाईंच्या जुन्या साडीच्या काठाने बांधलं. फोनवर प्रेरणा विचारी, "पप्पा, कसं आहे?" ते म्हणत, "ताठ उभं हाय." रात्र झाली की ते कुशी बदलत. मग मात्र अचानक त्यांना झोप येऊ लागली. शांत, गाढ. कडूबांना त्याचं नवल वाटलं, मग समाधान वाटलं. आपण वाईट काही केलेलं नाही, म्हणूनच आपल्याला झोप लागते, असं त्यांनी ठरवलं. झोपताना मनकर्णाबाई गूळ घालून दूध देत. ते कडू लागे. पण तो बायकोच्या रागाचा कडूपणा असेल, म्हणून कडूबांनी कधी तक्रार केली नाही.

प्रेरणा आली ती पाठीवरची सॅक न उतरवता पिंपापाशी गेली. साडीच्या काठाची गाठ बघितली. देठाला दोन बोटांनी धरलं. रोप अलगद, काही कुरकुर न करता, तिच्या हातात आलं. खाली काहीच नव्हतं.

"पप्पा."

"बाजूबाजूचीच दिली गं. मधली आहे ना?"

"मधलीच नाहीये."

कडूबा खरोखर चकित झाले. "मधली कुणाला दिली मी?"

तेव्हा स्वयंपाकघरातून मनकर्णाबाईंचा आवाज आला, खूप खालचा. "ती म्या घेतली. रोज दुधात उगाळून देत होते ह्यांना."

"आई!"

"आता काय करू मंग? पोरीचं झाड गेलं, पोरीचं झाड गेलं, म्हणून रातभर बसून ऱ्हायचे. मला बघवंना."

प्रेरणाला हसावं की रडावं कळेना, म्हणून ती आधी ओरडली. "पप्पा, ही काय हरभऱ्याची भाजी आहे का वाटायला? बीपीवर परिणाम होतो हिचा! डॉक्टरला न विचारता!" मग सॅक उतरवून पायरीवर बसली. मग उठून म्हणाली, "चला. कुणाकुणाला दिली ते दाखवा. मुळीच्या ताज्या तुकड्याला कधीकधी कोंब फुटतो."

बापलेक घरोघर गेले. सांडूने गिळली होती. त्याच्या आईसाठी नेलेली ताईत करून नातवाच्या दंडावर बांधली होती. कचरूने सुकवायला पत्र्यावर ठेवली होती, ती उन्हाने काडी झाली होती. बुद्धभूषणने अनुभव म्हणून फ्रिजमध्ये ठेवली होती आणि आईने आलं समजून चहात टाकली होती. "तरीच परवा दुपारी सगळं घर झोपलं," तो म्हणाला.

आवडाबाईंनी मात्र ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. चांगला वार बघून सुरुवात करणार होत्या. त्यांनी फडकं उघडलं, मुळीचा तुकडा प्रेरणाच्या तळहातावर ठेवला.

"घे माय. तुझं जित्राब हाय. मला ठावं नव्हतं."

कॉलनीभर फिरून एवढाच तुकडा कामाचा मिळाला. प्रेरणाने तो वाळूत लावला. पावसाळा लागला, आणि एके सकाळी वाळूतून हिरवं टोक निघालं. एका पेरावर तीन पानं. त्या दिवशी घरात कुणी मोठ्याने बोललं नाही.

पुढच्याच आठवड्यात आवडाबाई पुन्हा गेटवर आल्या. कडूबा आत पेपर वाचत होते. ते उठायच्या आत प्रेरणा गेली.

"मावशी, आता मिळणार नाही. आता कुणालाच नाही," तिचा आवाज ठाम होता. कडूबांना तिचा अभिमान वाटला. हे आईकडून आलं असावं.

"म्हाताऱ्याला घाटीच्या दवाखान्यात दाखवलं बाई. गोळ्या दिल्या. पण त्याचा गोळीवर भरवसाच नाय. तोंडात धरतो आन थुंकतो. मुळी दिली म्हणलं, तर गिळंल. काल जिन्यावरनं उतरून रस्त्यावर गेला बैल हुडकायला."

गेटची कडी वाजली.

"बसा ना मावशी, पायरीवर," प्रेरणा म्हणाली. मग जरा वेळाने, बदललेल्या आवाजात, "आई, ती छोटी सुरी दे गं."

कडूबांच्या हातातला पेपर पडला. ते अनवाणी धावत बाहेर आले. प्रेरणा कुंडीपाशी उकिडवी बसलेली होती. त्यांनी उभ्या आयुष्यात लेकीला कुठल्याच गोष्टीला अडवलं नव्हतं. बारावीनंतर लग्नाचं बघा म्हणणाऱ्या भावकीसमोर त्यांनी तिला वनस्पतीशास्त्र घेऊ दिलं होतं, त्यामागेही काही धोरण नव्हतं, तिने मागितलं एवढंच.

"नाही!" कडूबा ओरडले. "नाही मिळणार! कुणाला काही मिळणार नाही इथं! निघा!"

रोज नाही म्हणणाऱ्याला त्याचा आवाज किती ठेवायचा ते माहीत असतं. कडूबांची ही पहिलीच वेळ होती. कचरूने गिरणी बंद केली. सांडू बनियनवर बाहेर आला. वरच्या मजल्यांवरच्या बायका कठड्याशी आल्या.

आवडाबाईंनी काठी टेकली, उठल्या. "बरं भाऊ," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

"पप्पा," प्रेरणा हळूच म्हणाली, "एवढ्या जोरात कशाला?"

कडूबा आत जाऊन पडलेला पेपर गोळा करू लागले. संध्याकाळी ते आवडाबाईंकडे गेले, तर दाराला आतून कडी होती. म्हाताऱ्याचा बैलाला हाक मारणारा आवाज येत होता. कडूबा थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले.

रोप आता गुडघ्याएवढं झालंय. प्रेरणाचे सर येऊन बघून गेले, फोटो काढून गेले, बी धरेल म्हणाले. कॉलनीत कुणी त्याचं नाव काढत नाही. नाव काढत नाहीत म्हणजे कशाचंच काढत नाहीत. पूर्वी दिवसातून चारदा गेट वाजायचं. पाना पाहिजे, शिडी पाहिजे, मुलाच्या फॉर्मवर सही पाहिजे. आता सांडू शिडी पलीकडच्या गल्लीतून आणतो.

कडूबा संध्याकाळी गेटपाशी खुर्ची टाकून बसतात. परवा बुद्धभूषण येता येता थांबला, बरोबर गेटसमोर. गेटला हात टेकला. कडूबा लगबगीने उठले. म्हणाले, "बोल बाबा, काय पाहिजे?"

"काही नाही काका," बुद्धभूषण म्हणाला. त्याने एका पायावर उभं राहून चपलेतला खडा काढला, आणि पुढे गेला.