घुमटावर संत्र्याचं तेल

"साल सोलावी, तेल तोलावं, थेंबाला विचारून बोट बुडवावं." सासरे अत्तराच्या कारखान्यात नोकरीला लागले तेव्हा तिथले म्हातारे वस्ताद असं गुणगुणायचे. चाळीस वर्षं झाली, तरी तो आवाज त्यांच्या कानात ताजा होता. बोट मात्र हल्ली विचारेनासं झालं होतं.

निवृत्तीनंतर ते घरीच संत्र्याच्या साली दाबत. टोपलीभर सालींतून चमचाभर तेल निघे, आणि उपदेश घागरभर: अंगाला लावायचं तर दुसऱ्या तेलात मिसळा, लावून उन्हात फिरू नका, बाटली शेगडीपासून लांब ठेवा. त्या तेलानं बरण्यांवरची चिकट लेबलं सुटत, कपाटं चकाकत.

त्या सकाळी टेबलावर सुनेनं बनवलेली वाचनालयाची प्रतिकृती होती, पांढऱ्याशुभ्र थर्माकोलची. तिनं आखलेली ही पहिलीच इमारत. अकरा वाजता वाचनालयाच्या समितीपुढे पसंत पडली तर काम तिच्या हाती, नाहीतर पुन्हा दुसऱ्यांच्या नकाशांत जिने काढत बसायचं. सून आंघोळीला गेली आणि सासऱ्यांना घुमटावर गोंदाचा डाग दिसला.

त्यांनी कापसावर तेल घेऊन तो पुसला. डाग निघाला. पाठोपाठ घुमटही निघू लागला. सासऱ्यांचा जन्म काचेच्या बाटल्यांत गेलेला. हे तेल थर्माकोल खातं, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी आणखी पुसलं, तशी खळी पडली. खळीत कापूस भरला, तोही तेलकट हातानं. बघता बघता वाटीएवढं भगदाड. वास मात्र सुरेख.

"अहो, काय करताय?" सासूबाईंनी दारातून विचारलं.

"पुसतोय."

"दिसतंय. घुमटच पुसून टाकलात."

सून आली. तिनं सुरी उचलून भगदाडाची कड गोल कापली. ते पाहून सासरे ओशाळून अर्धे झाले. कबुली द्यायला मीच येतो म्हणून हटून बसले आणि प्रतिकृती मांडीवर घेऊन रिक्षातून निघाले.

समितीच्या बैठकीत सुनेच्या ऑफिसातल्या साहेबांनी आल्या आल्या घुमटाची चौकशी केली. तो त्यांनीच सुचवलेला. एवढ्यात समितीतल्या बाई भगदाडात डोकावल्या.

"हे मधलं उघडं अंगण छान आहे. कुणाची कल्पना?"

साहेब घसा खाकरू लागले. सासरे हात जोडून उठले. "बाई, चूक माझी..."

"बाबा, बसा तुम्ही," सून म्हणाली. "कल्पना माझीच आहे. साहेब, तो घुमट मला पहिल्या दिवसापासून नको होता. मुलांनी आभाळाखाली बसून वाचावं, एवढंच मनात होतं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही."