दोन मुदती

ज्या दिवशी त्या भुकटीच्या पेटंटाची मुदत संपली, त्या दिवशी इस्माईलभाईंनी दुकान उघडलं नाही. ते माझ्या घरी आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "मास्तर, आजपासून ती आपली."

मी शाळेत मराठी शिकवत असे आणि इस्माईलभाईंचं लोणावळ्याच्या बाजारपेठेत औषधांचं दुकान होतं. ‘ती’ म्हणजे डोकेदुखीवरची आणि तापावरची एक पांढरी भुकटी. एका परदेशी कंपनीने ती शोधून काढली होती आणि सरकारने कंपनीला चौदा वर्षांचा मक्ता दिला होता. तेवढी वर्षं दुसऱ्या कुणी ती बनवायची नाही. या मक्त्यालाच पेटंट म्हणतात. हे मला ठाऊक आहे, कारण इस्माईलभाई नमस्कार करत नसत, उरलेली मुदत सांगत. भर बाजारात मला गाठून म्हणायचे, "मास्तर, दोन वर्षं, चार महिने." ऐकणाऱ्यांना वाटे, मला कसली तरी शिक्षा झाली आहे.

दुसरी खोड खुलाशाची. साधा चहा पुढे केला तरी, "एक खुलासा करतो वहिनी, साखर चालते, पण ढवळलेली." माझी बायको सुशीला पदरात तोंड लपवून आत पळायची. मला पळायची सोय नव्हती.

मुदत संपली तशी मुंबईचे कारखानदार तीच भुकटी बनवू लागले. इस्माईलभाई ती डब्याने आणून पुड्या बांधू लागले. पण पेटंट गेलं तरी कंपनीने नाव सोडलं नव्हतं. माल कुणीही करावा, नाव मात्र त्यांचंच. दुसरा एखादा नवं नाव ठेवून मोकळा झाला असता. यांना ते खोटं वाटे. "माल तोच आहे, तर दुसरं नाव कसं सांगू?"

माझं अक्षर बरं म्हणून पुडीवरच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. मजकूर त्यांचा. "ही तीच भुकटी आहे. हिच्या पेटंटाची मुदत संपली आहे. मुदतीच्या तापावर चालत नाही." मुदतीचा ताप म्हणजे टायफॉइड.

पहिलं गिऱ्हाईक कार्ल्याचे धोंडीआबा. मी तेव्हा दुकानातच होतो.

"भाई, ती डोसक्याची बाटली द्या. कंपनीची."

"बाटली कशाला आबा? ही पुडी घ्या. तीच आहे."

"तीच म्हंजी कोन?"

"एक खुलासा करतो. नाव मला घेता येत नाही."

"नाव घ्याया काय ती तुमची बायकू हाय?" आबांनी पुडी माझ्यापुढे धरली. "मास्तर, वाचा जरा."

मी वाचलं. आबांनी मान हलवली. "मुदत संपली. चालत न्हाई. आवो, तुमीच लिवलंय न्हवं? मग इकता कशाला?"

"आबा, ती मुदत वेगळी, ही मुदत वेगळी!"

"आसंल. पर दोनीबी वंगाळच दिसत्यात," म्हणून आबा उठले आणि पलीकडच्या दुकानातून बाटली घेऊन गेले.

मी विनवण्या केल्या. मुदतीच्या दोन वाक्यांपैकी एक तरी काढा. ऐकेनात. बरं, पहिल्यात ‘कालावधी समाप्त’ लिहू?

"ते वाचून गिऱ्हाईक जागच्या जागी समाप्त होईल."

"मग दुसऱ्यात ‘विषमज्वर’ लिहू."

"मावळात विषमज्वर कुणाला कळतो? मुदतीचा तापच लिहा."

मी शेकडो चिठ्ठ्या लिहिल्या आणि दर चिठ्ठीला मनात त्यांना शिव्या दिल्या.

पुढच्या वर्षी श्रावणात सुशीलेला ताप भरला. डॉक्टर म्हणाले, मुदतीचा. नवव्या दिवशी ती बरळू लागली, तसा मी भर दुपारी दुकानात धावत गेलो. "इस्माईलभाई, एक पुडी द्या."

"नाही."

"डबा भरलेला आहे तुमचा!"

"तिला नाही, मास्तर."

"चौदा वर्षं माझं डोकं खाल्लंत आणि आज माझ्या घरात गरज पडली तर नाही?"

ते उठले. दुकानाला कुलूप लावून स्टेशनकडे गेले. तासाभराने भुशात गुंडाळलेला बर्फ घेऊन घरी आले. तो आत देऊन ओट्यावर बसले आणि समोरच्या भिंतीकडे बघत बोलू लागले. त्यांची बायको तरुणपणीच गेली, एवढंच मला माहीत होतं.

"हमीदाला मी दिली होती. बाटली तेव्हा नवीन होती. वर छापलेलं, ‘सर्व तापांवर’. अकराव्या दिवशी दिली. ताप उतरला. ती उठली, चूल पेटवली, भाकरी केली, खाल्ली. मला म्हणाली, जा, दुकान उघडा. मी उघडलं." ओट्यावर सांडलेला भुसा त्यांनी बोटाने गोळा केला. "ताप उतरला होता, मास्तर. आजार आतड्यात तिथंच होता. त्या भाकरीने रात्रीत तिला नेलं."

"आणि तरी तुम्ही ती बाटली विकलीत?"

"डोकं दुखतं त्याला ती चांगली आहे. मुदतीच्या तापाला देऊ नका म्हणून प्रत्येकाला तोंडाने सांगत आलो. लोक बाटलीवरचं छापील दाखवायचे. त्यांच्या बाटलीवर मला लिहिता येत नव्हतं. माझ्या पुडीवर येतं."

सुशीलेचा ताप आपल्या वेळेला उतरला. त्यानंतरही दोन आठवडे इस्माईलभाई रोज येऊन मला दटावत, "पेज द्या. पेजच. उठू देऊ नका." सुशीला आतून चिडायची. मी पेज करायचो.

त्या चिठ्ठीतलं एक अक्षरही मी पुन्हा बदलायला सांगितलं नाही. पुड्या कधीच फारशा खपल्या नाहीत.

इस्माईलभाई गेल्या वर्षी गेले. त्यांच्या दुकानाच्या जागेत आता सायकली भाड्याने मिळतात. सुशीला आत भाजी चिरते आहे.