आप्पांचा जिल्हा धुळेच

नंदुरबार जिल्हा वेगळा होऊन एक पिढी उलटली. तेव्हाची पोरं शिकली, त्यांची लग्नं झाली, आता त्यांची पोरं माझ्याकडे दाखले मागायला येतात. जिल्हा बदलल्याचं सगळ्यांना कळलंय. आमच्या गल्लीतले भटूआप्पा सोडून.

शहाद्याच्या स्टँडजवळ माझं सेतू केंद्र आहे. आप्पा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले कारकून. कुठलाही अर्ज असो, पत्त्याच्या शेवटी ते मोठ्या वळणदार अक्षरात लिहितात, 'जि. धुळे'.

"आप्पा, धुळे निवडलं तर कम्प्युटरवर शहादा तालुका येतच नाही."

"तुन्हा कम्प्युटर कालना पोऱ्या शे. तू दाब."

मी दाबतो. येत नाही. मागे रांग, पुढे आप्पा. डोक्याचा पार भुगा होतो.

त्यांच्याकडे पुरावाही तयार असतो. रोज सकाळी ते स्टँडवर बसून एसट्यांमधली माणसं मोजतात. "सुरतनी गाडी फुल, धुळानी फुल, नंदुरबारनी अर्धी. माणसं कोठे जाई ऱ्हायनात ते देख ना भाऊ. जिल्हा तठेच पाहिजे."

"मग तुमच्या हिशेबानं आपला जिल्हा सुरत."

यावर ते अर्ज उचलून तरातरा घरी गेले. तिसऱ्या दिवशी नवा अर्ज घेऊन आले. जि. धुळे.

शेवटी माझा संयम सुटला. गेल्या महिन्यात त्यांच्या आधारची दुरुस्ती करताना मी त्यांना न विचारता 'नंदुरबार' टाकून मोकळा झालो. नवं कार्ड आलं तेव्हा वाटलं, आता शिव्या पडणार. आप्पांनी कार्ड काउंटरवर ठेवलं आणि ते हळूच म्हणाले, "आते सुकलालनं पत्र परत जाई."

हा सुकलाल मला त्या दिवशी कळला. जिल्हा फुटला तेव्हा धुळ्याच्या कचेरीत हे दोघे एका टेबलावर होते, आणि दप्तर वाटायचं काम त्यांच्याकडेच आलं. लाल फडक्यातले गठ्ठे सोडायचे, कागद निवडायचे, पुन्हा बांधायचे. हा तुमचा, हा आमचा. शेवटचा गठ्ठा बांधून आप्पा ट्रकबरोबर इकडे आले, सुकलाल तिकडेच राहिले.

"वाटणी आमीनच कयी, भाऊ. निंघताना सुकलाल म्हणना, कागदवर काही व्हवो, तुन्हा पत्ता मी धुळे जिल्हाच लिखसू."

तेव्हापासून महिन्याला एक पोस्टकार्ड. सुकलालांना हल्ली अजिबात ऐकू येत नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. आणि तीन महिने झाले, त्यांचं पोस्टकार्ड आलेलं नाही.

आधार बदलून महिनाच झाला होता, पोस्टकार्डं त्याच्या आधीच थांबलेली. जन्मभर तारखा तपासलेल्या माणसाला हे कळत नव्हतं असं नाही. पण दोष माझ्या दुरुस्तीला देणं त्यांना सोपं जात होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

"चला आप्पा, आपणच त्यांना पत्र लिहू," मी म्हणालो. मागची रांग कुरकुरायला लागली, मी लक्ष दिलं नाही. आप्पांनी पेन माझ्यापुढे सरकवलं, म्हणून मी लिहायला घेतलं. मजकूर त्यांनी एवढाच सांगितला, "सुकलाल, मी अठेच शे. तू कसा शे?"

पाठवणाऱ्याचा पत्ता मी न विचारता लिहिला. ता. शहादा, जि. धुळे.

पिनकोड तेवढा बरोबर टाकला. उत्तर यायला हवं होतं.