मी सोडलेले उंदीर

मला राग आला की मी भांडी घासते. पण या रागापायी आमचं एक पातेलं पार झिजलं तरी राग होता तिथेच आहे, म्हणून शेवटी वही घेऊन बसले.

सुरुवात अगदी बारीकशी. आमची ढमी (वय तेव्हा दहा महिने, खरं नाव चांगलं तीन अक्षरी आहे, पण अंगाकडे बघून ते कुणी वापरत नाही) दोन तासांच्या झटापटीनंतर झोपली होती. तिच्या पाठीवरचा माझा हात मी एकेक बोट करून उचलत होते. चौथं बोट सुटलं आणि बेल वाजली. एकदा नाही, तीनदा.

दारात एजंट. मागे एक नवं कोरं जोडपं.

"वहिनी, दोन मिनिटं. घर दाखवून लगेच जातो," म्हणत तो बुटांसकट आत.

आता हा एजंट कोण ते सांगते. आठ दिवसांपूर्वी घरमालकांचा फोन आला होता. तुमचा करार संपतोय, मी नवा भाडेकरू बघतोय, महिनाअखेर घर रिकामं करा. तीन वर्षं राहिलो तिथे. भाडं एक दिवस उशिरा नाही, भिंतीला एक खिळा जास्तीचा नाही. आमचे हे फोनवर काय म्हणाले? "बरं."

"बरं? एवढंच?" मी म्हटलं.

"मग काय म्हणायचं?"

(हे गोदामात कारकून आहेत. आलेला माल उतरवून घ्यायचा आणि सही करायची, हीच सवय.)

वर मालकांनी यांना एका एजंटाचा नंबर दिला. हाच माझ्यासाठी भाडेकरू शोधतोय, तुम्हालाही घर शोधून देईल म्हणाले. म्हणजे आम्हाला बाहेर काढणारा आणि दुसरीकडे आत घालणारा माणूस एकच, आणि पैसे दोन्हीकडून! त्याला काहीही विचारा, उत्तर एकच. नळ गळतोय? होऊन जाईल. घर कधी मिळेल? होऊन जाईल. मी त्याचं नावच 'होऊनजाईल' ठेवलं.

तर तो होऊनजाईल जोडप्याला घेऊन घरभर फिरला. बेलच्या आवाजानं ढमी उठली आणि तिनं भोकाड पसरलं. ती नवी नवरी पाळण्यापाशी येऊन उभी राहिली. पाळण्यात माझी पोर रडतेय, आणि ही नवऱ्याला म्हणते, "इथे फ्रीज छान बसेल, नाही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी आवाज मऊच ठेवला.

"तिथे नका ठेवू हं. उंदीर वायर खातात."

"उंदीर?"

"आता कमी झालेत. पाळण्यात चढायला लागले तेव्हा आम्ही औषध टाकलं."

(आमच्या घरात तीन वर्षांत मुंगीसुद्धा विचारून आली असेल.)

"वहिनी गंमत करतायत," होऊनजाईल घाईघाईनं म्हणाला.

"हो, गंमतच," मी म्हटलं, आणि खुर्चीवर बसून दोन्ही पाय वर घेतले.

जोडपं दीड मिनिटात जिन्यावर.

मी काही मुळात खोटारडी नाही. पण जमतं, हे त्या आठवड्यात कळलं. मनात हिशेब साधा होता. कुणालाच घर पसंत पडलं नाही, तर मालक झक मारत आम्हालाच ठेवतील. दहा महिन्यांचं पोर घेऊन मी जाणार कुठे? मग जो येईल त्याला उंदीर दिले. दुसऱ्याला उंदरांबरोबर पाणीटंचाई दिली, सकाळी वीस मिनिटं, तेही करंगळीएवढं. (नळ दिवसभर धो धो.) तिसऱ्या बाई धीट निघाल्या, उंदरांना भिईनात, म्हणून त्यांना वरच्या मजल्यावरचे पैलवान दिले.

"पहाटे चारला उठतात. लोखंडी वजनं उचलतात आणि टाकतात. आमची पोर दचकून दचकून अर्धी झाली."

बाईंनी ढमीकडे बघितलं. ही अर्धी? नेमके तेव्हाच वरचे आजोबा काठी टेकत टेकत जिना उतरले.

"हेच का ते?"

"दिसतात तसे नाहीत," मी म्हटलं.

तिकडे आम्हालाही घरं दाखवणं चालू होतं. मी जाताना पिशवीत एक वाटी ठेवायची. ढमीच्या डोक्याच्या मापाची. खिडकीच्या गजांमधून वाटी पलीकडे गेली की घर नापास. होऊनजाईल पहिल्यांदा म्हणाला, "वहिनी, वाटी कशाला?" मी सांगितलं तर हसला. हसू दे. त्याचं काय जातं? पहिल्या घरात वाटी गेली. दुसरं घर हवेशीर म्हणाला होता. हवेशीर होतंच, खिडकीला काच नव्हती. तिसऱ्याचा जिना इतका उभा की हे दोन्ही हात टेकून चढले आणि मी ढमीला छातीशी धरून खालूनच घर नापास केलं.

चौथं मात्र आवडलं. पहिला मजला, दोन खोल्या, जमिनीवर ऊन पसरलेलं. वाटी गजात घातली, तर अडकली! मला रडू यायचंच बाकी राहिलं. रविवार होता, सगळीकडे कसं शांत.

आत एक बाई शिलाई मशीनवर बसली होती. शेजारी तिची दोन वर्षांची मुलगी चिंध्यांशी खेळत होती. बाई उठली नाही. दातांनी दोरा तोडला आणि म्हणाली, "मोरी उलटी येते."

"काय?"

"भांडी घासायची मोरी. पाणी सोडलं की जातं, आणि तासाभरानं परत येतं. संडासाची कडी बाहेरून आपोआप पडते. आत जाताना घरात कुणीतरी असू दे. आणि खाली छापखाना आहे. मशीन सुरू झालं की फळीवरची भांडी चालत चालत काठाला येतात."

"पण आवाज तर नाही."

"आज सुट्टी आहे ना. हे एजंट तुम्हाला सुट्टीच्याच दिवशी आणणार."

"ताई गंमत करतायत," होऊनजाईल म्हणाला.

माझ्या डोळ्यांपुढे ढमीच्या डोक्यावर पडणारं पातेलं आलं, तिला उचललं आणि मी सरळ रस्त्यावर. हे मागून ओरडत होते, "अगं, वाटी राहिली!"

महिना संपायला पाच दिवस उरले. घर नाही. मालक ऐकेनात. माझा जीव टांगणीला, आणि हे म्हणायचे, "मिळेल गं." कुठे मिळेल? गोदामात? खोक्यांमागे पाळणा बांधू?

अशात पुन्हा बेल वाजली. होऊनजाईलची बेल आता मी ओळखायला लागले होते. "उघडंच आहे!" म्हटलं, खुर्चीत बसले, पाय वर घेतले, आणि येणाऱ्याचं तोंड न बघताच सुरू केलं, "आत या, पण चपला काढू नका, उंदीर आहेत, ढिगानं आहेत, आणि पाणी तर..."

दारात मशीनवाली उभी होती. कडेवर मुलगी, हातात आमची वाटी, मागे होऊनजाईल.

माझे पाय अजून वरच.

"तुम्ही?"

"तुम्ही?"

"म्हणजे तुमचे उंदीर..." ती म्हणाली.

"म्हणजे तुमची मोरी..." मी म्हटलं.

मी हळूच पाय खाली सोडले.

"तुम्हाला का काढलं हो घरातून?" तिनं विचारलं.

"मालकांना कुणीतरी सांगितलं, भाडेकरू बदला, नवा जास्त देईल."

"आमच्याही मालकांना सांगितलं. कुणीतरीच."

दोघींनी एकाच वेळी मान वळवली. होऊनजाईल छताकडे बघत होता, जसं काही तेही भाड्यानं द्यायचं आहे.

मग जे झालं ते आमचं ठरलेलं नव्हतं, पण ठरवूनही इतकं छान झालं नसतं. तिनं दाराला कडी घातली, आणि मी ढमीला उचलून त्याच्या हातात दिलं. दहा महिन्यांचं पोर हातात असलं की माणूस पळू शकत नाही. ढमीनं लगेच त्याचा चष्मा काढून घेतला.

"बोला भाऊ," मी म्हटलं. "कुणी सांगितलं मालकांना?"

"वहिनी, धंदा आहे. माणसं आहेत तिथेच राहिली तर मी काय खाऊ?"

"आमची पोरं रस्त्यावर आली तरी चालतील?" मशीनवाली कडाडली. तिच्या गळ्यात माप घ्यायची टेप होती. ती तिनं हातात घेतली आणि दोन्ही टोकं अशी ताणली की त्यानं मान आत घेतली.

"नाही हो ताई, काहीतरी होऊन जा..."

"म्हणू नका ते!" आम्ही दोघी.

तिथल्या तिथे दोन्ही मालकांना फोन लावले. दोघंही म्हणाले, "आता नवीन माणूस ठेवायचं ठरलंय, शब्द फिरवणार नाही." दोघांचं वाक्य अक्षरशः एकच. शिकवणी कुणाची ते कळलंच.

तेवढ्यात, ढमी त्याच्या खिशातलं पेन ओढत असताना, तो चाचरत म्हणाला, "मी काय म्हणतो, तुम्ही यांच्याकडे जा, या तुमच्याकडे येतील. दोघांचेही मालक खूश. आजच्या आज कागद करतो."

मी त्याच्याकडे खाऊ की गिळू अशी बघत होते, पण डोकं आतून चालू होतं. मी इथे उंदीर सोडले. हिनं तिकडे मोरी सोडली. माझ्या घराला काही झालेलं नाही, म्हणजे हिच्याही घराला काही झालेलं नाही! ऊन आहे, गज मापाचे आहेत, आणि आपण भाबडेपणानं हातचं घर सोडून आलो. मी मशीनवालीकडे बघितलं. तिच्या तोंडावर हसू फुटू बघत होतं. तिचंही गणित तेच असणार.

"चालेल," मी म्हटलं.

"मलाही," ती म्हणाली.

होऊनजाईलनं दोघींकडून एकेक महिन्याचं भाडं घेतलं. मेहनतीचं! दोन बायकांना एकमेकींच्या घरात ढकलायची मेहनत. लिहितानाही माझे दात आवळले जातायत.

यांनी विचारलं, "अगं, पण ती मोरी?"

"खोटं होतं हो सगळं. मला कळतं ना खोटं."

रविवारी सामान हललं. सोमवारी सकाळी आठला खालून घरघर सुरू झाली. मी ओट्यापाशी होते. साखरेचा डबा हलला. थांबला. पुन्हा हलला, आणि चांगला वीतभर चालत काठाला आला. त्याच्या मागे चहाचा. मी दोन्ही हातांनी फळी धरून उभी राहिले, ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत.

संध्याकाळी मोरी परत आली. येताना कुणाचा तरी जुना चमचाही घेऊन आली.

मंगळवारी मी ढमीला घेऊन भाजीला गेले. परत आले तर संडासातून आवाज, "आलीस का?" हे सव्वा तास आत. मी कडी काढली. बाहेर येऊन एवढंच म्हणाले, "ती बाई खरं बोलत होती गं."

मी होऊनजाईलला फोन लावला आणि तोंडाचा पट्टा सोडला. तो म्हणाला, "मोरी ना? होऊन जाईल."

फोन ठेवते तोच मशीनवालीचा आला.

"ताई, किती खोटं बोललात हो! पाणी दिवसभर आहे. वरचे आजोबा माझ्या मुलीला रोज गोष्टी सांगतात. आणि उंदरांसाठी मी पिंजरा आणला होता, तो दुकानदाराला परत केला. एवढं सोन्यासारखं घर सोडलंत कसं?"

"आणि तुमची मोरी..." मी म्हटलं.

"मोरीचं मी सांगितलं होतं की," ती दुखावल्या स्वरात म्हणाली. "मी कुठे खोटं बोलले?"

सुरुवातीला सांगितलं ते पातेलं त्याच दिवशी झिजलं.

पुढे डब्यांखाली ओली फडकी घातली. संडासाला जाताना आम्ही एकमेकांना सांगून जायला लागलो. फक्त ढमी खूश. छापखाना सुरू झाला की पाळणा आपोआप हलतो, आणि पोर डाराडूर. पण रविवारी छापखाना बंद, म्हणून ही झोपत नाही. मग हे पाळण्याचा पाय धरून बसतात आणि तोंडानं घरघर करतात.

असं वर्ष गेलं, आणि गेल्या आठवड्यात मालकांचा फोन आला. करार संपतोय, नवा भाडेकरू बघतोय. पाठोपाठ होऊनजाईलचा.

"वहिनी, एक फर्स्टक्लास घर आहे. दिवसभर पाणी, कोरड्या भिंती, वरती एक शांत आजोबा..."

मला येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या मी त्याला दिल्या. संपल्यावर काही पुन्हा दिल्या. मी सातवीच शिकले, पण त्या बाबतीत माझं शिक्षण पुरं आहे. तो बिचारा शेवटपर्यंत ऐकत होता. मग मी धाप टाकत विचारलं, "कधी दाखवताय?"

काल गेलो. तोच जिना, तेच दार. ढमी आता चालते, ती माझं बोट धरून. आत मशीनवाली मशीनवर. ती उठली नाही. दातांनी दोरा तोडला, माझ्या डोळ्यांत डोळे घालून बघितलं आणि दोन्ही पाय स्टुलावर घेतले.

"या. पण चपला काढू नका. उंदीर आहेत."

मी झटकन ढमीला कडेवर उचललं.

"अगं," हे कानाशी कुजबुजले, "ते उंदीर तुझेच ना?"

"माहितेय मला," मी म्हटलं. "पण वर्ष झालं हो. एव्हाना त्यांना पिल्लं झाली असतील."