सेतुमामांचा जपानी

दुसऱ्याकडे असलेली कोणतीही गोष्ट सेतुमामांना सुखाने झोपू देत नसे. एकदा त्यांच्या थोरल्या भावाचं ॲपेंडिक्स काढलं. मामा बघायला गेले आणि खाटेशेजारची फळं, फुलं, येणारी-जाणारी माणसं न्याहाळत बसले. घरी आल्यावर स्वतःचं पोट दाबून मला म्हणाले, "माधवा, मज कां दुखत नाही?"

हे 'मज कां' आमच्या तंजावरी मराठीतलं. पुण्याहून येणाऱ्या पाहुण्यांना ते जुन्या पोथीतलं वाटतं. मामांना मात्र त्याच्याशिवाय दिवस ढकलता येत नसे. शेजारच्या नारळाला जास्त फळं लागली, मज कां नाही? मेहुण्याला पेन्शन, मज कां नाही? पेन्शन मिळायला आधी नोकरी करावी लागते, हे त्यांना पटायचं. पण समाधान व्हायचं नाही.

पापनाशमच्या रस्त्याला मामांची भातगिरणी होती आणि मी, त्यांचा सख्खा भाचा, तिथे मॅनेजर होतो. परदेशी यंत्रं आणायला दिल्लीने नुकती मोकळीक दिली होती. रस्त्यापलीकडच्या गिरणीवाल्या सोमसुंदरमने लगेच जपानहून एक यंत्र मागवलं. तांदळातला काळा दाणा हेरायचा आणि हवेच्या फुंकरीने बाजूला उडवायचा, हे त्याचं काम. ते बसवायला एक जपानी इंजिनियरही आला. एका संध्याकाळी सोमसुंदरम त्याला वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, नेसवून, मोपेडवर मागे बसवून बाजारातून हिंडवत होता. मामांनी ते पाहिलं आणि त्या रात्री जेवले नाहीत.

"यंत्राचं जाऊ दे रे," ते म्हणाले. "माणूस बघितलास? खरा जपानी."

मामांनी तेच यंत्र मागवलं. वर अट घातली, इंजिनियर वर्षभर पाहिजे. कंपनीने मान्य केलं, पण कळवलं की त्याच्या कामाच्या व्हिसासाठी मालक म्हणून तुम्हालाच हमी द्यावी लागेल. मामांची छाती फुगली. "सोमूकडचा नुसता पाहुणा होता," ते मामींना म्हणाले. "हा आपल्या पगारावरचा."

टोकियोच्या आपल्या वकिलातीत द्यायचे कागद मला जमवायचे होते. गिरणीची नोंदणी, कर भरल्याचे दाखले, पगार आणि मुदत लिहिलेला करार. शिवाय एक पत्र, परदेशी माणूसच का हवा याचं. ते मामांनी हट्टाने स्वतः लिहिलं आणि मला न दाखवता पाठवलं. वकिलातीतून प्रश्न आला तेव्हा मी प्रत वाचली. मामांनी कारण दिलं होतं, 'समोरच्या गिरणीत एक आहे.'

तोवर यंत्र खोक्यात येऊन पडलं होतं. कुंभकोणमचे व्यापारी आमच्या दारावरून सोमसुंदरमकडे जात होते आणि मामा पायरीवर बसून त्यांच्या लॉऱ्या बघत होते. मी नवं पत्र केलं. हे यंत्र बसवणारा, चालवणारा माणूस आमच्याकडे जाहिरात देऊनही मिळाला नाही. हा इंजिनियर वर्षभरात आमची माणसं तयार करील. त्याची राहण्याची, आजारपणाची आणि परतीच्या प्रवासाची जबाबदारी आमची. मामांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचून घेतलं.

"आजारपणाची," ते म्हणाले. "तिकडच्या साहेबाने हे लिहिलं होतं काय?"

तिकडचा साहेब म्हणजे शेखरचा. शेखर, मामांचा एकुलता मुलगा, अमेरिकेत होता. तिथल्या एका कंपनीने त्याचा व्हिसा केला होता. फोन आला की तो साहेबाचं कौतुक सांगायचा. विमानतळावर साहेब स्वतः आला, थंडीचा कोट त्याने घेऊन दिला, सणाला घरी जेवायला नेलं. मामा तमिळमध्ये 'सरि, सरि', बरं, बरं, म्हणत ऐकायचे. फोन ठेवल्यावर दिवसभर चिडचिड चालायची. "माझ्या पोराला कोट त्याने घ्यायचा? मज दुकानं माहीत नाहीत काय?"

मग मामांनी माडीवरची खोली रंगवली. खुर्चीसारखा बसायचा संडास केला. मच्छरदाणी टांगली. काट्याने इडली खायचा सराव सुरू केला. इडली मांडीवर पडायची, सांबार वेष्टीवर. मामी म्हणाल्या, "त्यालाच हाताने जेवायला शिकवू या. ते सोपं आहे."

व्हिसा झाला. तनाका नावाचा लाजाळू मुलगा तिरुचीला उतरला. मामा छत्री घेऊन उभे होते. ऊन होतं म्हणून छत्री. पोराने पहिल्याच दिवशी दहीभात हाताने खाल्ला आणि मामांचा सराव वाया गेला. परदेशी माणसाची नोंद करायला आम्ही पोलीस कचेरीत गेलो, तर मामा कारकुनाला पालकाची सही कुठे करायची ते विचारू लागले.

"पालक नाही, मालक," कारकून म्हणाला. "इथे करा."

यंत्र सुरू झालं, काळा दाणा उडू लागला, व्यापारी परतले. मामांनी तनाकाला मोपेडवरून बाजारात हिंडवलं, सोमसुंदरमच्या दारावरून दोनदा. त्या पोराला शेजारणींनी मुरुक्कू, इकडची चकली, दिला तर मामांना तेही खपेना. "आपल्या घरात मुरुक्कू नाही काय?"

एका सकाळी मी हिशेबाच्या कामाने मामांकडे गेलो होतो. तनाका गिरणीत होता. फोन वाजला. मामांनी उचलला आणि पलीकडून एका बाईचा आवाज आला, बारीक, पण इतका स्पष्ट की मलाही ऐकू येत होता. तिला इंग्रजी येत नव्हतं. ती फक्त आपल्या मुलाचं, तनाकाचं, नाव घेत होती, आणि पुढे काहीतरी विचारत होती.

मामा उठून उभे राहिले. "ईटिंग गुड," ते म्हणाले. "स्लीपिंग गुड. फीवर नो." तिथे त्यांचं इंग्रजी संपलं. मग ते सरळ मराठीत सांगू लागले. काल रसम दोनदा मागून घेतलं. उन्हाने नाक सोललं होतं, आता बरं आहे. रात्री मच्छरदाणी मी स्वतः खोचतो. पलीकडे ती बाई ऐकत होती. मध्येच हुंकार देत होती. शेवटी दोघंही काही बोलेनात, पण फोन कोणी ठेवला नाही.

मग लाइन तुटली. मामा रिसीव्हर हातात धरून बसले.

"शेखरला काल लावला होता," ते म्हणाले. "त्याच्या फोनचं यंत्रच बोललं. निरोप ठेवा म्हणालं."

मी हिशेबाची वही मिटली.

"त्या बाईचं बरं आहे रे, माधवा," मामा म्हणाले. "तिचा फोन मी उचलला."