मागे उभ्या असलेल्यांचं लग्न

एका जंगलात, बाळांनो, दिवेलागणीला कुणी कुणाला खात नसे. वाघसुद्धा नाही. ती मालिकेची वेळ असायची.

उंबराखाली एक सपाट खडक होता. त्यावर मालिका चालायची आणि सगळं जंगल समोर मांडी घालून बसायचं. ज्यांना मांडी घालता येत नाही ते नुसतेच बसायचे. उजेडाला काजवे होते, संगीताला रातकिडे. काही वाईट घडलं की रातकिडे तीनदा किंचाळायचे आणि नटानं तीनदा मान वळवायची. एकदाच वळवलेली चालत नसे.

मालिका लिहायचे कोल्होबा. खर्च करायचे अस्वलशेठ. मालिका मधेच थांबायची, तेव्हा अस्वलशेठ द्रोणातून मध विकायचे.

मालिकेत काय होतं म्हणाल, तर एक मोर होता, शिखरराज. एक हरिणी होती, मृगाली. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं. शिखरराज सांगायला जायचा, तेवढ्यात त्याला शिंक यायची. मृगाली सांगायला जायची, तेवढ्यात कुणीतरी जिन्यावरून पडायचं. जंगलात जिना नव्हता. कोल्होबांनी तो मुद्दाम बांधून घेतला होता.

पण आपली गोष्ट त्यांची नाही. जरा मागे बघा. मोराच्या मागे, काजव्यांचा उजेड संपतो तिथं, एक खवल्या मांजर उभं आहे ना, तो धोंडू. अंगभर खवले. लाजला की गोळा होऊन बसायचा. मालिकेत तो मोराचा मित्र. त्याला एकच वाक्य होतं, "अरे, मग तिला सांगून का टाकत नाहीस?" मोर कधी ऐकायचा नाही, त्यामुळं ते वाक्य रोज कामाला यायचं.

हरिणीच्या मागे सगुणा. ती साळू, अंगावर हे एवढाले काटे. ती हरिणीची मैत्रीण. तिचं वाक्य, "अगं, तुला काय झालं?" मालिकेतल्या मैत्रिणीला आईबाप नसतात, घर नसतं, भूकसुद्धा नसते. हरिणी रडू लागली की तिनं हजर व्हायचं, बस्स.

रोज मागे उभं राहून दोघांची ओळख झाली. एकदा खडकावर गर्दी झाली. धोंडू मागे सरकला आणि सगुणावर जाऊन आदळला. तिला काट्यांमुळं आजवर कुणी जवळ घेतलं नव्हतं. ती घाबरून म्हणाली, "लागलं का हो?"

"कुठं काय? खवले आहेत ना."

सगुणानं त्याचे खवले नीट पाहून घेतले. मग म्हणाली, "परत सरका बघू."

झालं. दोघांनी लग्न करायचं ठरवलं. धोंडूनं वारुळाजवळ बीळ खणलं, म्हणजे मुंग्या खायला लांब जायला नको.

पण त्या जंगलात एक नियम होता. खडकावर होईल तेच खरं. त्याला कारणही होतं. मालिकेतली दुष्ट सासू घोरपड होती. ती एकदा ओढ्यावर आपल्या खऱ्या सुनेची पाठ चोळताना लोकांना दिसली. प्रेक्षकांना इतकं दुःख झालं की त्यांनी तिला चिंचा फेकून मारल्या. तेव्हापासून कोल्होबांनी सगळ्यांकडून वचन घेतलं, की खडकावर लग्न लागल्याशिवाय घरी लावायचं नाही.

त्यात सगुणाची आत्या भारी कडक. ती म्हणाली, "मी होळीपर्यंत थांबते. तोवर जमलं नाही तर तुला पलीकडच्या रानातल्या साळिंदराला देणार. चांगला एकटा राहतो, कुणाच्या अध्यात नाही."

"आत्या, त्याचे काटे माझ्याहून लांब आहेत."

"मग लांबून संसार करा."

दोघं कोल्होबांकडे गेले. धोंडू म्हणाला, "आमचं लग्न लावून द्या. मागे, कडेला. कुणाला दिसलं नाही तरी चालेल."

कोल्होबा म्हणाले, "लावू की. नायक-नायिकेची नजरानजर व्हायला कुणाचं तरी लग्न लागतंच. पुढच्या आठवड्यात उरकून टाकू."

किती सोपं झालं होतं बघा. आणि नेमका तिथंच घात झाला. प्रेक्षकांचं त्यांच्याकडे लक्ष गेलं.

पुढे हरिणी रडत होती. मागे धोंडू सगुणाच्या काट्यात अडकलेलं पान काढत होता. हळू, जपून, जीभ बाहेर काढून. पहिल्या रांगेतल्या रानडुकरीणबाईंनी नवऱ्याला ढुसणी दिली. "अहो, ते मागे बघा. तुम्ही कधी काढलंत का माझं पान?"

"तुला कुठं काटे आहेत?"

"जिभेला आहेत म्हणता ना रोज."

ते ऐकून शेजारच्यांनी मागे पाहिलं. मग सगळ्या जंगलानं पाहिलं. हरिणी मोठ्यानं रडली, आणखी मोठ्यानं रडली, पण तिच्याकडे बघायला कुणी मोकळं नव्हतं. त्या दिवशी मध तळापर्यंत संपला. ससे रिकामे द्रोण चाटत बसले.

अस्वलशेठ धापा टाकत कोल्होबांकडे आले. "त्या मागच्यांना पुढे आणा."

कोल्होबांनी ताबडतोब लग्न रद्द केलं.

"का हो?" सगुणानं विचारलं.

"बाई, लोकांना तुम्ही आवडायला लागलात. आवडलेल्यांचं लग्न लावतात का कुठं?"

दुसऱ्या दिवसापासून संकटं सुरू झाली. आधी सगुणाला जिन्यावरून पाडलं. खाली मुंगूसराव उभे केले होते, त्यांनी तिला झेललं. धोंडूनं हे झाडाआडून बघायचं, गैरसमज करून घ्यायचा आणि न बोलता दूर देशी निघून जायचं, असं ठरलेलं.

धोंडूनं पाहिलं. रातकिडे तीनदा किंचाळले. धोंडूनं तीनदा मान वळवली, कारण कामाला तो प्रामाणिक होता. मग तो सरळ पुढे गेला. "पडलीस का गं?"

"हो ना. वरची पायरी हलते."

"आणि मुंगूसराव, तुमचे हात दाखवा पाहू."

"टोचलंय हो," मुंगूसराव रडकुंडीला येऊन म्हणाले. मग दोघांनी मिळून त्यांचे काटे काढले आणि मालिका संपली.

प्रेक्षकांना फार बरं वाटलं. ते हसत घरी गेले आणि घोरत झोपले. मध मात्र तसाच राहिला.

"जनावराला काळजी लागली की ते खातं," अस्वलशेठ म्हणाले. "कोल्होबा, यात काळजी कुठाय?"

कोल्होबांनी धोंडूला बाजूला घेतलं. "तू तिला विचारलंस कशाला?"

"विचारायचं नाही?"

"मालिकेत विचारतात का कुठं? मनात ठेवायचं."

"किती दिवस?"

"शेठ सांगतील तितके."

"मला नाही जमत," धोंडू म्हणाला. "मनात ठेवलं की माझं पोट दुखतं."

सगुणा मागे उभी राहून ऐकत होती. मागे उभं राहिलं की ऐकू फार छान येतं. तिनं न विकलेल्या मधाकडे पाहिलं, धोंडूकडे पाहिलं आणि ती गालात हसली. घरी जाताना म्हणाली, "धोंडू, आपण विचारतच राहू."

पुढच्या खेपेला कोल्होबांनी हुकमी उपाय काढला. माकडाकडून सगुणाच्या डोक्यात कवठ टाकवलं. तिची आठवण गेली. आता आठवण परत यायला तीन पावसाळे लागणार होते. प्रेक्षक पुढे सरकले. अस्वलशेठनी द्रोण भरले.

सगुणानं डोळे उघडले. "तुम्ही कोण?"

रातकिडे किंचाळले. धोंडूनं मान वळवून घेतली आणि म्हणाला, "मी धोंडू. आपलं लग्न ठरलंय."

"असं का? कधी ठरलं?"

"मागेच. पण तुम्हाला आठवत नसेल तर परत विचारतो. कराल का माझ्याशी लग्न?"

सगुणानं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरे दिसताय की. करते."

धोंडू लाजून गोळा झाला आणि घरंगळत खडकावरून खाली गेला. प्रेक्षक हसून हसून लोळले. तरसाला तर उचकी लागली. मग सगळे घरी गेले, आणि दुसऱ्या दिवशी निम्मे आलेच नाहीत. काल सगळं नीट झालं होतं, आज बघायचं काय?

कोल्होबांनी जुळी बहीण आणली. धोंडूनं तिला चहूबाजूंनी बघितलं आणि विचारलं, "ताई, सगुणा कुठाय?" ताईनं बोट दाखवलं. खेळ खलास.

होळी दोन दिवसांवर आली. आत्यानं पलीकडच्या रानात निरोपाला कावळासुद्धा ठरवून ठेवला. इकडे अस्वलशेठच्या मधाला मुंग्या लागल्या. आणि त्या मुंग्या धोंडू खाऊन गेला. तेव्हा मात्र शेठची सहनशक्ती संपली.

"काढा यांना," ते गरजले.

"कसं काढू?" कोल्होबा म्हणाले. "कड्यावरून ढकलू?"

"छे. मेले तर लोक रडतील आणि परत मागतील. यांचं लग्न लावा. लग्न झालेल्यांना कुणी विचारत नाही."

कोल्होबांनी दोघांना बोलावलं, चेहरा पाडून. "फार वाईट बातमी आहे. तुमचं लग्न करावं लागतंय."

धोंडू तिथल्या तिथं गोळा झाला. कोल्होबांना वाटलं, दुःखानं झाला. त्यांनी त्याच्या खवल्यांवरून मायेनं हात फिरवला. "होतं असं धंद्यात. मन घट्ट कर."

होळीच्या आदल्या दिवशी लग्न लागलं. सगळे काजवे मोर आणि हरिणीवर होते. मागच्या अंधारात धोंडूनं हार घातला, तो सगुणाच्या काट्यांत असा बसला की आजही निघालेला नाही. प्रेक्षकांना लग्नातली धोंडूची शेपटी तेवढी दिसली. आत्यानं टाकलेल्या अक्षता मोराच्या पाठीवर पडल्या. मोर-हरिणीची नजरानजर झाली. मोर सांगणार, तेवढ्यात त्याला शिंक आली.

दुसऱ्या दिवशी हरिणी खडकावर म्हणाली, "सगुणा परगावी गेली." एवढं एकच वाक्य. प्रेक्षकांनी मान डोलावली आणि विसरून गेले.

परगाव म्हणजे वारुळाजवळचं बीळ. तिथं दोघं उन्हात बसून मुंग्या आणि कंद खात होते. दुपारी बघतात तर काय, दारात मोर आणि हरिणी उभे. दोघं इकडेतिकडे बघत होते, कुणी पाहत तर नाही ना म्हणून.

मोर हळूच म्हणाला, "सगुणावहिनी, कोल्होबांकडे आमच्यासाठी शब्द टाका ना. आम्हाला थोडे दिवस मागे उभं करा म्हणावं."

सगुणानं हरिणीला पाणी दिलं. मग मोराच्या पिसाऱ्याकडे पाहून ती फार हळहळली. "भावजी, मी सांगून बघते. पण हा मागे मावायचा कसा?"

तात्पर्य : सरळ विचारलं की गैरसमज मिटतो, आणि गैरसमज मिटला की मधाला मुंग्या लागतात. म्हणून बाळांनो, जगात नाव काढायचं असेल तर मनातलं मनातच ठेवा, झाडाआडून अर्धंच बघा आणि मान तीनदा वळवा. नुसतं सुखानं नांदायचं असेल, तर पिसारा जरा आखूड ठेवा.